भिंतीला जास्त कोण ढकलतं

प्रफुल्ल गांगुर्डे यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं, सोसायटीचा कॅमेरा आंधळा झाला आणि पाथर्डी फाट्याजवळच्या एका शांत इमारतीत पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून विशेष सभा भरवावी लागली, या सगळ्याला कारण फिजिक्सचा एक धडा होता. तोही त्यांचा नव्हे, त्यांच्या मुलीचा. गांगुर्डे स्वतः कॉमर्सचे. सरकारी ऑफिसात आवक-जावक विभाग सांभाळायचे. आलेला कागद कुठे पाठवायचा आणि पाठवलेला कागद परत का आला नाही, एवढं एकच शास्त्र त्यांना अवगत होतं, आणि तेवढ्यावर माणूस निवृत्तीपर्यंत सुखाने जगू शकतो अशी त्यांची समजूत होती.

मग तेजलच्या ज्युनिअर कॉलेजातून फोन आला. बोलणाऱ्या मॅडम मवाळ होत्या. "तेजल बाकी सगळं नीट सोडवते," त्या म्हणाल्या, "पण इंपल्स आणि मोमेंटमचा प्रश्न आला की जागा कोरी सोडते. चुकीचंसुद्धा लिहीत नाही. चुकीचं लिहिलं तर निदान कुठे अडलंय ते आम्हाला कळतं. तुम्ही घरी जरा बघा."

घरी बघा. शाळा-कॉलेजं हे वाक्य किती सहज बोलून जातात. गांगुर्ड्यांच्या घरी हे बघणारं माणूस म्हणजे रोहिणी, त्यांची बायको. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी आल्यावर ओट्याशी उभी राहून तेजलला शिकवायची. कणीक मळता मळता गुरुत्वाकर्षण, कांदा चिरता चिरता प्रकाशाचं अपवर्तन. गांगुर्डे बाहेर बातम्या बघत बसायचे आणि आत काहीतरी महत्त्वाचं चाललं आहे या जाणिवेने आवाज कमी करायचे. त्यांचं योगदान तेवढंच. दिवाळीनंतर रोहिणीला ताप आला. ती दवाखान्यात गेली आणि घरी आलीच नाही. तिच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिच्या शाळेतली इतकी मुलं आली होती की चपलांनी जिना भरून गेला होता.

त्यानंतर घरात बोलणं असं उरलं नाही. दूध आलं का, चावी घेतली का, सिलिंडर लावला का. तिन्ही प्रश्नांची उत्तरं 'हो' अशी होती, त्यामुळे संभाषण फार पुढे जात नसे. दोघंही एकमेकांना जपत होते, आणि दोन माणसं एकमेकांना फार जपायला लागली की एका घरात दोन भाडेकरू राहिल्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी गांगुर्ड्यांनी धीर करून तेजलच्या दाराशी उभं राहून विचारलं, "त्या धड्यात नेमकं काय अडतंय?"

तेजलने पुस्तकातून मान वर केली नाही. ती तशीच म्हणाली, "बॉल भिंतीवर आपटून परत येतो. चिखलाचा गोळा चिकटून बसतो. दोघांचं वजन सारखं, वेग सारखा. भिंतीला जास्त कोण ढकलतं? ते."

"ते अवघड आहे?"

"झोपा पप्पा," ती म्हणाली. तेव्हा साडेसातसुद्धा वाजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गांगुर्ड्यांनी ठरवलं की हा धडा आपण स्वतः समजून घ्यायचा आणि मुलीला शिकवायचा. माणूस मंत्रालयातून फाइल सोडवून आणू शकतो, तो अकरावीच्या धड्याला भिणार नाही.

धडा उघडला. पहिल्या पानावर मोमेंटम म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ठीक. दुसऱ्या पानावर इंपल्स म्हणजे बल गुणिले वेळ. हेही ठीक. मग लिहिलं होतं की हा इंपल्स म्हणजे मोमेंटममधला बदल. इथे गांगुर्डे थांबले. एक वस्तू दुसरीतला बदल कशी असू शकते? ऑफिसात बदली असते, बदल नसतो. त्यांनी मराठीत शोधलं, तर मोमेंटमला संवेग आणि इंपल्सला आवेग. आता दोन्ही शब्द सख्ख्या भावांसारखे दिसायला लागले. पुढे एक ओळ होती की क्षेत्ररक्षक चेंडू झेलताना हात मागे घेतो; त्यामुळे चेंडू थांबायला जास्त वेळ मिळतो आणि हाताला बल कमी लागतं. ही ओळ वाचून त्यांना बरं वाटलं, कारण तिच्यात निदान एक माणूस होता.

समोरच्या फ्लॅटमध्ये सलाउद्दीनभाई राहायचे. द्वारका चौकाजवळ त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि तरुणपणी ते वेगवान गोलंदाज होते. हे दुसरं त्यांनीच सांगितलेलं. जगातली कुठलीही गोष्ट ते गाडीच्या भाषेत समजावून सांगत. त्यांच्या मते सासू आणि सुनेचं न पटणं हा शॉकअपचा प्रॉब्लेम होता.

"प्रफुल्लभाई, ये तो सीधा ब्रेक का मामला है," ते म्हणाले. "जोरात ब्रेक मारला की माणूस काचेवर. हळूहळू मारला की माणूस घरी. पण तुम्हाला हे वाचून नाही समजणार. हाताला समजलं पाहिजे. उद्या रविवार आहे, मैदानावर चला."

मैदानावर सकाळी निम्मं इंदिरानगर चालायला आलेलं होतं. त्याच्यासमोर सलाउद्दीनभाईंनी खिशातून लेदरचा चेंडू काढला. गांगुर्ड्यांना टेनिस बॉलची अपेक्षा होती, पण शास्त्रासाठी माणसाने मागे हटू नये, म्हणून ते उभे राहिले.

"फक्त हात मागे घ्या," सलाउद्दीनभाई लांबून ओरडले. "बॉल आला की हात मागे. बस."

सूचना सोपी होती. पण गांगुर्ड्यांची सगळी नोकरी आवक विभागात गेलेली. समोरून काही येताना दिसलं की हात पुढे करून ते घ्यायचं, ही सवय हाडात मुरलेली. चेंडू आला. हात पुढे गेला. मधल्या बोटातून कळ निघाली ती थेट खांद्यात पोहोचली. चालायला आलेल्या एका बाईंनी चालणं थांबवून त्यांना पाणी दिलं आणि "या वयात कशाला?" असं हळूच विचारलं. कमी वेळात थांबवलं की जास्त लागतं, हे मात्र त्यांना त्या क्षणी पूर्णपणे कळलं. दवाखान्यात बोटाला पट्टी बांधून चिकटपट्टीने शेजारच्या बोटाशी जखडून टाकलं.

इथपर्यंतही ठीक होतं. पण रजेचा अर्ज करायचा होता, आणि गांगुर्डे खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी ऑफिसच्या शुद्ध मराठीत कारण लिहिलं: 'पाल्याच्या अभ्यासासाठी आवेग समजून घेत असताना उजव्या हाताच्या बोटास इजा.' आस्थापना विभागाने अर्ज शेरा मारून परत पाठवला: 'आवेगाच्या भरात झालेली इजा वैद्यकीय रजेस पात्र ठरत नाही. पाल्यास मारहाण झाली असल्यास तसा स्वतंत्र खुलासा सादर करावा.'

गांगुर्ड्यांनी तो शेरा दोनदा वाचला. त्यांनी तेजलला जन्मात एक चापट मारली नव्हती. खुलासा करायला ते स्वतः वरच्या मजल्यावर गेले. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "गांगुर्डे, तुम्ही सध्या कुठल्या परिस्थितीतून जाताय ते आम्हाला माहीत आहे. पण मुलीवर राग काढू नका."

"सर, आवेग म्हणजे बल गुणिले वेळ," गांगुर्डे म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे फार वेळ बघितलं आणि रजा ताबडतोब मंजूर केली. मागितल्यापेक्षा दोन दिवस जास्त. ही दयाच गांगुर्ड्यांना बोटापेक्षा जास्त ठणकली.

रजा मिळाली म्हणून मूळ प्रश्नाला हात घालता आला. चेंडू आणि चिखल. चेंडू होता, चिखल आणायला हवा. ऑफिसातला शिपाई नवनाथ दिंडोरीकडचा. घरी द्राक्षाची बाग. गांगुर्ड्यांनी त्याला फोन केला.

"माती? कुंडीला पायजे का साहेब?"

"नाही. भिंतीवर मारायला."

रोहिणी गेल्यावर नवनाथ सांत्वनाला येऊन गेला होता. "भिंतीवर मारायची आसंल तर चिकट लागंल," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या तळ्याकडची देतो. लय धरती ती." आणि दुसऱ्या दिवशी काळ्याभोर मातीची गोणी गांगुर्ड्यांच्या दारात येऊन पडली. तेजलने कॉलेजला जाताना ती ओलांडली आणि काही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी, सोसायटी झोपलेली असताना, गांगुर्डे आणि सलाउद्दीनभाई पार्किंगच्या मागच्या भिंतीशी जमले. या भिंतीला नुकताच पांढरा रंग दिलेला होता आणि सेक्रेटरी ज्ञानेश कापडणीस येता-जाता तिच्याकडे लेकाच्या लग्नाचे फोटो बघावेत तसे बघत असत. पण भिंतीला धक्का किती बसला हे भिंत सांगणार कशी? यावर सलाउद्दीनभाईंनी तोड काढली. भिंतीपुढे एक जुना कॅरमबोर्ड उभा करायचा. जो त्याला पाडेल तो जास्त ढकलतो. गांगुर्ड्यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी डाव्या हाताने सलाउद्दीनभाईंचा हात दाबला.

चेंडू गांगुर्ड्यांनी टाकला. उजवं बोट बांधलेलं असल्यामुळे डाव्या हाताने. चेंडू बोर्डाला कसाबसा भेटला आणि लाजत परत आला. बोर्ड जरासा डुलला आणि उभा राहिला. मग सलाउद्दीनभाईंनी चिखलाचा गोळा घेतला, दहा पावलं मागे गेले, आणि जिल्हा संघात निवड न झाल्याचं सगळं दुःख त्या गोळ्यात घालून तो फेकला. बोर्ड आडवा झाला आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवर काळे शिंतोडे उडाले.

"चिखल," सलाउद्दीनभाई म्हणाले.

"चिखल," गांगुर्डे म्हणाले.

प्रयोग परत परत केला. दर वेळी चेंडू गांगुर्ड्यांनी, चिखल सलाउद्दीनभाईंनी. दर वेळी चिखल जिंकला. दोघांचा वेग सारखा हवा, ही अट दोघांच्याही लक्षात राहिली नाही. गांगुर्ड्यांना तर निकाल तर्कालाही धरून वाटला. चेंडू आला आणि गेला. आवक एक, जावक एक, प्रलंबित शून्य. चिखल आला आणि राहिला. जे राहतं त्याचाच भार पडणार. इतकं सोपं होतं आणि पोरगी कोरी जागा सोडत होती.

खात्री म्हणून एक गोळा स्वतः मारून बघावा असं त्यांना वाटलं. डाव्या हाताने त्यांनी तो जोर लावून फेकला. गोळा बोर्डाकडे जायचा तो वर गेला, आणि खांबावरच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यावर मधोमध जाऊन बसला. दिंडोरीच्या तळ्याची माती. नवनाथ म्हणाला होता तशीच धरली.

त्या संध्याकाळी ते तेजलच्या दाराशी गेले. "उत्तर मिळालं," ते म्हणाले. "चिखल. मी करून बघितलं."

तेजलने त्यांच्या कपड्यांवरचे काळे शिंतोडे पाहिले, बांधलेलं बोट पाहिलं. तिच्या ओठांशी काहीतरी आलं होतं. मग ती म्हणाली, "मला उत्तर नकोय पप्पा," आणि दार लोटलं. गांगुर्डे बाहेर उभे राहिले. एवढं करून आणलेलं उत्तर आता कुठे ठेवायचं, त्यांना कळेना.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर विशेष सभेची सूचना आली. विषय एकच: 'भिंत व कॅमेरा.' संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या लागल्या. कापडणिसांनी लॅपटॉप आणला होता. त्यावर त्यांनी कॅमेऱ्यातलं शेवटचं चित्रण दाखवलं. पडद्यावर गांगुर्डे दिसले, जीभ दाताखाली धरून, डोळे बारीक करून, सगळा जीव डाव्या हातात आणलेले. मग एक काळा ठिपका. ठिपका मोठा झाला. मग काहीच नाही. कापडणिसांनी ते दोनदा दाखवलं. दुसऱ्यांदा कुणीतरी मागे हसलं आणि लगेच थांबलं.

ते थांबणं वाईट होतं. गांगुर्डे भांडणाच्या तयारीने आले होते. दंड करा म्हणणार होते, भिंत पुन्हा रंगवून देतो म्हणणार होते. पण कापडणीस खाकरून म्हणाले, "गांगुर्डेसाहेब, आम्ही कुणी तक्रार म्हणून बोलत नाही. वहिनी गेल्यापासून तुमच्यावर काय गुदरतंय ते आम्ही सगळे बघतोय. माणसाला कुठेतरी राग काढावासा वाटतो. भिंतीवर काढलात. समजू शकतो."

"माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत," दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी म्हणालं. "नुसतं बोलायचं असतं. गोळ्याबिळ्या देत नाहीत."

तळमजल्यावरच्या चिमणाबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या. रोहिणी आजारी असताना त्यांनीच रोज भाकरी पाठवली होती, म्हणून त्यांना काहीही बोलायचा हक्क होता. "प्रफुल्ल," त्या म्हणाल्या, "रोहिणीसारखी पोरगी पुन्हा मिळायची नाही, मला ठावं हाय. पण घरात बाईमाणूस नसलं की पुरुष असाच मातीत खेळतो. पन्नाशी म्हणजे काय वय हाय का? माझ्या बघण्यात घोटीची एक बाई हाय. शिक्षिका हाय."

गांगुर्ड्यांचा चेहरा तापला. सलाउद्दीनभाई त्यांच्या बाजूला बसून चपलेच्या टोकाने फरशी उकरत होते. गांगुर्डे उभे राहिले.

"मी रागाने काही केलेलं नाही," ते म्हणाले. "तो प्रयोग होता. अकरावीच्या फिजिक्सचा."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. चेंडू, चिखल, सारखं वजन, भिंत, कुणी काय फेकलं ते. आयुष्यात पहिल्यांदा ते सभेत पाच मिनिटं सलग बोलले. "आणि उत्तर असं आहे," ते शेवटी म्हणाले, "की चिखल भिंतीला जास्त ढकलतो. कारण चेंडू येतो आणि निघून जातो. भिंतीकडे काय राहतं? काही नाही. चिखल राहतो."

लोकांना हे पटलं. सोसायटीच्या सभेत पहिल्यांदाच एखाद्या मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत झालं. "बरोबर आहे, चिखलच," कापडणीस म्हणाले. "मी स्वतः ती भिंत पाहिली ना." चिमणाबाईंनीही मान डोलावली. सलाउद्दीनभाई म्हणाले, "मैंने खुद फेका है."

"नाही."

सगळे वळले. लिफ्टपाशी तेजल उभी होती. भाकरी गार होतेय हे सांगायला ती खाली आली होती आणि मघापासून तिथेच थांबली होती. डॉक्टरांचंही तिने ऐकलं होतं, घोटीच्या बाईचंही.

"चिखल नाही पप्पा," ती म्हणाली. "बॉल."

"अगं, मी करून बघितलं."

"तुम्ही डाव्या हाताने टाकलात. काकांनी उजव्या. वेग सारखा कुठे होता?" ती पुढे आली. वडिलांची बाजू घ्यायची की चूक काढायची, हे तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. मग तिने शेजारच्या खांबावर दोन बोटांनी टकटक केली आणि बोलायला लागली. "चिखल येतो आणि थांबतो. त्याला थांबवायला भिंत त्याला एकदा ढकलते. बॉलचं तसं नाही. बॉल आधी थांबवावा लागतो. आणि मग तो परत जातो. थांबवायला एकदा ढकललं, परत पाठवायला पुन्हा तेवढंच. भिंत बॉलला जेवढं ढकलते, तेवढंच बॉल भिंतीला ढकलतो. म्हणून परत जाणारा बॉल दुप्पट धक्का देतो."

ती दोन बोटांनी टकटक करत समजावत होती आणि गांगुर्डे त्या बोटांकडे बघत होते. ओट्यावर अशीच टकटक व्हायची. बातम्यांचा आवाज कमी केला की बाहेर ऐकू यायची.

"बॉल दुप्पट," कापडणीस स्वतःशीच म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. कॅमेरा गांगुर्ड्यांनी पुसून द्यावा आणि भिंतीचा तेवढा भाग दिवाळीत बघू, असं ठरून सभा संपली. चिमणाबाई उठताना तेजलच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. घोटीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बापलेक जिना चढून वर आले. लिफ्ट होती, पण दोघांनाही तिच्यात समोरासमोर उभं राहायचं नव्हतं. घरात आल्यावर तेजल तिच्या खोलीत गेली नाही. ओट्याशी जाऊन उभी राहिली. भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. तिने फडकं उघडलं आणि परत झाकलं.

"तुला येत होतं," गांगुर्डे म्हणाले.

"हो."

"मग पेपरात का नाही लिहीत?"

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मम्मीने तो प्रश्न घातला होता मला. इथेच. तिला तेव्हा ताप होता, पण ती म्हणाली विचार कर, घाई नको, उत्तर मी उद्या सांगते. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला घेऊन गेलात. पुस्तकात होतं उत्तर. मी तिकडे बघायचीच नाही. पण कळतंच ना पप्पा. बघितलं नाही तरी कळतं. मला फक्त म्हणायचं नव्हतं. ते ती सांगणार होती."

गांगुर्डे स्टुलावर बसले.

"आज मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं," ती म्हणाली. "तुमच्याकडे सगळे असे बघत होते, मला सहन झालं नाही. पण आता तिचं सांगायचं काहीच राहिलं नाही." मग ती रडायला लागली. रोहिणी गेली त्या दिवशी ती घरभर लोकांना पाणी देत फिरली होती. गांगुर्ड्यांनी तिला तेव्हा रडताना पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते उठून तिच्याजवळ उभे राहिले. काय करायचं ते त्यांना सुचलं नाही, म्हणून त्यांनी चिकटपट्टीचा हात तिच्या पाठीवर ठेवला. मग त्यांना वाटलं, आपण बाप आहोत, आपण काहीतरी बोललं पाहिजे, आणि आज बोलायला खरोखर काहीतरी सापडलं आहे.

"म्हणजे बघ," ते हळूच म्हणाले, "जे आपल्याकडे येऊन परत जातं, ते..."

"पप्पा," तेजल रडता रडता म्हणाली, "ते फक्त बॉलबद्दल आहे."

"बरं," गांगुर्डे म्हणाले.

थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं आणि ताटं घेतली. दोघं जेवायला बसले. वांग्याची भाजी थोडी लागली होती. दोघांनी तशीच खाल्ली. अर्धी भाकरी झाल्यावर गांगुर्डे म्हणाले, "मला खरं सांगू का? मला अजून कळलं नाही. पाचने आला, पाचने गेला. पाच वजा पाच शून्य. तू दहा कुठून आणलेस?"

"पाचने आला आणि वजा पाचने गेला. दिशा उलटी झाली ना."

"वजा कशाला? वेग तेवढाच आहे."

तेजलने त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. तिने स्टीलचा पेला ताटापुढे भिंतीसारखा उभा केला, भाकरीचा एक तुकडा मोडून त्याची गोळी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मधे एकदा तिचा आवाज अडकला. तेव्हा गांगुर्डे पेल्याकडेच बघत राहिले. मग ती पुन्हा बोलायला लागली आणि दिशा, वजा, दुप्पट सगळं शेवटपर्यंत सांगून झालं.

"आलं थोडं लक्षात," गांगुर्डे म्हणाले. "पुढचा धडा कुठला आहे?"

"ग्रॅव्हिटेशन."

"म्हणजे?"

"वस्तू खाली का पडतात."

गांगुर्ड्यांनी विचारलं, "त्याला चिखल लागतो का?"

"नाही."

"मग तो आपण रविवारी बघू," ते म्हणाले, आणि तिच्या ताटात उरलेली भाजी वाढली.